राउटरच्या आयओएसचे नाव कसे वाचावे : आवृत्ती, ट्रेन आणि फीचर सेट

चाटी गल्लीतले कापडाचे दुकान अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याशी व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या एन्क्रिप्ट केलेल्या खासगी जोडणीने) जोडून द्या, अशा प्रकारचे काम सोलापुरात नेटवर्कची कामे करणाऱ्यांकडे वरचेवर येते. मालकाने त्यासाठी सिस्कोचा २९११ हा वापरलेला राउटर आधीच विकत घेऊन ठेवलेला असतो. आपण कन्सोल केबल लावतो, ‘क्रिप्टो आयएसएकेएमपी पॉलिसी’ ही व्हीपीएन उभारण्याची आज्ञा टाइप करतो आणि राउटर त्या ओळीखाली टोपीसारखी खूण उमटवून ‘इनव्हॅलिड इनपुट डिटेक्टेड’ असे उत्तर देतो. अशा वेळी पहिला तर्क असा होतो की आयओएसची, म्हणजे सिस्कोचे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती जुनी आहे, नवीन टाकली की काम होईल. हा तर्क बहुधा चुकतो. आवृत्ती आणि फीचर सेट हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत: सॉफ्टवेअर कोणत्या काळातले आहे आणि त्यातल्या किती चुका दुरुस्त झाल्या आहेत, हे आवृत्तीवरून कळते, तर त्या सॉफ्टवेअरमधले आपल्याला काय वापरता येईल, हे फीचर सेट ठरवतो. नव्यात नवी आवृत्ती टाकूनही व्हीपीएनची आज्ञा मिळत नाही आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतही ती सुरळीत चालते, याचे कारण एवढेच आहे.

म्हणून काहीही डाउनलोड करण्यापूर्वी ‘शो व्हर्जन’ ही एकच आज्ञा द्यावी आणि तिचे उत्तर सावकाश वाचावे. जुन्या २८११ राउटरवर पहिल्याच ओळीत, उदाहरणार्थ, ‘सी२८००एनएम-अ‍ॅडव्हआयपीसर्व्हिसेसके९-एम’ आणि पुढे ‘व्हर्जन १२.४(१५)टी७’ असे दिसते. खाली राउटर कोणत्या फाईलवरून सुरू झाला तिचे नाव असते. त्याखाली ‘२४९८५६के/१२२८८के बाइट्स ऑफ मेमरी’ अशी ओळ येते. ही ओळ पाहून पुष्कळ जण गोंधळतात, कारण ‘माझ्या राउटरची रॅम २५६ एमबी आहे’ असे ते ऐकून असतात आणि तो आकडा इथे कुठेच दिसत नाही. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांची बेरीज करावी: २६२१४४ केबी, म्हणजे बरोबर २५६ एमबी. पहिला भाग आयओएस चालण्यासाठी असतो आणि दुसरा पॅकेटच्या ये-जा करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. सर्वांत शेवटी कॉन्फिगरेशन रजिस्टर असते. ते ०एक्स२१०२ असावे. ०एक्स२१४२ दिसले, तर कोणीतरी पासवर्ड मोडण्यासाठी ते बदलले आणि परत पूर्ववत करायचे विसरले, असे समजावे; वापरलेल्या राउटरमध्ये हे आढळते, आणि असा राउटर प्रत्येक वेळी जपून ठेवलेले कॉन्फिग (सेटिंग) न वाचताच सुरू होतो.

आता आवृत्तीचा आकडा घेऊ. १२.४(१५)टी७ यातील १२.४ ही मुख्य आवृत्ती आहे. कंसातला १५ म्हणजे त्या आवृत्तीतला कितवा नियमित हप्ता, ते. टी हे ट्रेनचे अक्षर आहे, आणि शेवटचा ७ म्हणजे त्याच हप्त्याची सातवी दुरुस्त प्रत. ट्रेन हा शब्द सोलापूरकराला समजावून सांगायला सोपा आहे: होटगी जंक्शनला जशी एक लाईन वाडीकडे जाते आणि दुसरी विजापूर-गदगकडे फुटते, तशी मूळ आवृत्तीपासून निरनिराळ्या गरजांसाठी सॉफ्टवेअरची शाखा फुटते. ज्या आवृत्तीला अक्षरच नसते ती मेनलाईन. तिच्यात नवी वैशिष्ट्ये घालत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. टी शाखेत नवी वैशिष्ट्ये येतात, आणि त्यांच्याबरोबर नव्या चुकाही येतात. एस ही शाखा सेवा पुरवठादारांच्या मोठ्या राउटरांसाठी होती. रेल्वेची उपमा मात्र इथे थोडी अपुरी पडते, कारण टी शाखा गदगला जाऊन थांबत नाही, १२.३टी मध्ये तयार झालेली वैशिष्ट्ये पुढे १२.४ च्या मेनलाईनमध्ये आली. त्यामुळे १२.३ ची टी प्रत १२.४ च्या मेनलाईनपेक्षा ‘मागासलेली’ असेलच असे नुसते आकडे पाहून सांगता येत नाही.

मेनलाईनमध्ये दुरुस्त प्रतीसाठी आकड्याऐवजी लहान अक्षर लावतात, जसे १२.४(२५डी). कंसाच्या आतले अक्षर ही दुरुस्ती आणि कंसाबाहेरचे मोठे अक्षर ही ट्रेन, एवढे लक्षात ठेवले की जुन्या आकड्यांचा गुंता सुटतो. १२.४ नंतर सिस्कोने १३ आणि १४ हे आकडे वगळून २००९ मध्ये थेट १५.० काढली. तेथून पुढे मेनलाईन हा प्रकार गेला आणि आपल्या कामाच्या राउटरांसाठी एम व टी अशा दोन शाखा राहिल्या. एम शाखेच्या प्रतींना दुरुस्त्या जास्त काळ मिळत, टी च्या प्रतींना कमी काळ. दुकान, कारखाना, पतसंस्था किंवा शाळा यांच्यासाठी १५ क्रमांकाच्या मालिकेत एम सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण मला तरी कधी सापडलेले नाही.

फीचर सेट

१२.३ पासून सिस्कोने राउटरसाठीच्या फीचर सेटची आठ पॅकेजे ठरवली. तळाशी आयपी बेस आहे. त्याच्यावर आवाजासाठी आयपी व्हॉइस, फायरवॉल आणि व्हीपीएनसाठी अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी, सेवा पुरवठादार वापरतात त्या एमपीएलएससारख्या गोष्टींसाठी एसपी सर्व्हिसेस आणि जुन्या प्रोटोकॉलांसाठी एंटरप्राइज बेस ही पॅकेजे येतात. अ‍ॅडव्हान्स्ड आयपी सर्व्हिसेस आणि एंटरप्राइज सर्व्हिसेस यांत खालच्या पॅकेजांची मिश्रणे असतात, आणि सर्वांत वर, ज्यात सगळेच आहे, ते अ‍ॅडव्हान्स्ड एंटरप्राइज सर्व्हिसेस. या काळातल्या राउटरांवर प्रत्येक पॅकेजची फाईल वेगळी असे, म्हणून फाईलच्या नावावरूनच आत काय आहे ते कळते. ‘सी२८००एनएम-अ‍ॅडव्हआयपीसर्व्हिसेसके९-एमझेड.१२४-१५.टी७.बिन’ या नावाचा पहिला तुकडा राउटरचे मॉडेल सांगतो आणि दुसरा पॅकेज. के९ ही खूण थ्रीडीईएस आणि एईएससारखे भक्कम एन्क्रिप्शन आहे, असे सांगते. ती नसेल तर आयपीसेक व्हीपीएन तर नाहीच, राउटरवर दुरून सुरक्षित लॉगिन करण्याचे एसएसएचही मिळणार नाही आणि एन्क्रिप्शन नसलेल्या टेलनेटवर काम भागवावे लागेल. एमझेड मधला एम म्हणजे आयओएस रॅममध्ये चालते, आणि झेड म्हणजे फाईल दाबून लहान केलेली आहे. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: फाईल फ्लॅशमध्ये (राउटरच्या कायम साठवणीच्या जागेत) बसली म्हणजे ती रॅममध्ये मावेलच असे नाही, कारण रॅममध्ये ती उलगडली जाते. सिस्कोच्या डाउनलोड पानावर प्रत्येक फाईलसमोर किमान रॅम आणि किमान फ्लॅश असे दोन आकडे दिलेले असतात, ते दोन्ही पाहावेत.

१९००, २९०० आणि ३९०० या मालिकांपासून ही पद्धत बदलली. आता ‘सी२९००-युनिव्हर्सलके९-एमझेड.एसपीए.१५१-४.एम४.बिन’ अशी एकच फाईल असते. तिच्यात सगळी पॅकेजे आधीपासून भरलेली असतात आणि लायसन्स लावले तेवढीच उघडतात. आपल्या गावातल्या वाचकाला असे म्हणता येईल की पूर्वी नक्षी बदलायची तर मागावरचे जॅकार्डचे पत्तेच, म्हणजे नक्षी ठरवणारी भोके पाडलेली कार्डे, बदलावी लागत; आता सगळे पत्ते मागावर चढवूनच मिळतात, पण कुलूपबंद. लायसन्सची नावे चार आहेत: आयपीबेसके९, सिक्युरिटीके९, डेटाके९ आणि यूसीके९. पहिले राउटरबरोबरच येते. सुरुवातीला सांगितलेल्या २९११ वर अडचण होती ती हीच: आवृत्ती ठीक होती, सिक्युरिटीके९ उघडलेले नव्हते. या राउटरांवर ‘शो व्हर्जन’च्या शेवटाकडे, कॉन्फिगरेशन रजिस्टरच्या वर, टेक्नॉलॉजी पॅकेजचा लहानसा तक्ता येतो; त्यात सिक्युरिटीसमोर ‘नन’ लिहिलेले असेल तर नवी फाईल शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.

ते उघडण्यासाठी कॉन्फिगरेशन मोडमध्ये ‘लायसन्स बूट मॉड्यूल सी२९०० टेक्नॉलॉजी-पॅकेज सिक्युरिटीके९’ ही आज्ञा द्यावी, करार मान्य करावा, कॉन्फिग जतन करावे आणि रिलोड करावे, म्हणजे राउटर पुन्हा सुरू करावा. अशा रीतीने ६० दिवसांचे चाचणी लायसन्स मिळते. पुढच्या वापरासाठी ते विकत घेतलेले असले पाहिजे. विकत घेतलेली लायसन्स फाईल त्या राउटरच्या मॉडेल व सिरीयल नंबरशी बांधलेली असते, म्हणून ‘दुसऱ्या राउटरची फाईल देतो, तीच टाका’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे लक्ष देऊ नये. फाईलच्या नावात युनिव्हर्सलके९ नंतर एनपीई असेल, तर त्या प्रतीतून व्हीपीएनचे एन्क्रिप्शन मुळातच काढून टाकलेले असते आणि तिथे कोणतेही लायसन्स उपयोगाचे नाही. अशा वेळी मात्र फाईल खरोखरच बदलावी लागते. आणखी एक मर्यादा आज जास्त बोचते: नुसत्या सिक्युरिटीके९ वर एन्क्रिप्ट होणारी वाहतूक एका दिशेला ८५ एमबीपीएस आणि २२५ आयपीसेक टनेल (व्हीपीएन जोडण्या) एवढ्यावर अडवलेली आहे. टनेलची संख्या कोणाला कमी पडणार नाही, परंतु दोन्हीकडे २०० एमबीपीएसचे फायबर घेऊन बसलेल्या मालकाला ८५ चा आकडा आधीच सांगून ठेवलेला बरा.

फाईल बदलणे

फाईल बदलायचीच असेल, तर आधी ‘शो रनिंग-कॉन्फिग’चे संपूर्ण उत्तर लॅपटॉपवर जतन करावे आणि चालू आयओएसची फाईलही टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाईल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) बाहेर काढून ठेवावी. टीएफटीपीचा सर्व्हर जुना असेल तर एक विचित्र अडचण येते: ३२ एमबीपेक्षा मोठी फाईल नेमकी तेथपर्यंत जाऊन थांबते. मूळ टीएफटीपीमध्ये ५१२ बाइटचे तुकडे असतात आणि त्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५५३५ पर्यंतच जातो. गुणाकार केला की ३२ एमबी येतात. दोष केबलचा नसून सर्व्हरचा असतो, आणि नवा सर्व्हर किंवा एफटीपी वापरले की प्रश्न मिटतो. फाईल राउटरवर आल्यावर ‘व्हेरिफाय’ या आज्ञेने एमडी५ हा फाईलचा पडताळणीचा आकडा काढावा आणि डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवावा. त्यानंतर ‘बूट सिस्टिम फ्लॅश’ या ओळीत नवी फाईल आणि तिच्याखाली दुसऱ्या ओळीत जुनी फाईल लिहावी. राउटर या ओळी वरून खाली वाचतो, म्हणून आधीची ओळ ‘नो’ लावून काढली नाही, तर रिलोडनंतरही जुनेच सॉफ्टवेअर सुरू होईल आणि आपण विनाकारण डोके खाजवत बसू.

खरा धोका फ्लॅशमध्ये दोन फाईली मावत नाहीत तेव्हा असतो, कारण जुनी पुसल्याशिवाय नवी उतरत नाही. एका उन्हाळ्यात एका कारखान्यात मी हेच करत होतो. राउटर यूपीएसवर होता, लॅपटॉप बॅटरीवर होता. मधला स्विच मात्र साध्या प्लगवर होता, हे वीज गेल्यावर लक्षात आले. फाईल अर्धवट राहिली. त्या वेळी राउटर रिलोड केला नाही, हेच शहाणपण ठरले, कारण आयओएस रॅममध्ये चालू असते आणि फ्लॅश रिकामी झाली तरी राउटरचे काम सुरूच राहते. वीज आल्यावर पुन्हा कॉपी केली आणि निभावले. रिलोड झाला असता तर रॉममॉनमध्ये, म्हणजे आयओएस नसताना सुरू होणाऱ्या लहान प्रोग्रॅममध्ये, जाऊन ‘टीएफटीपीडीएनएलडी’ने फाईल आणावी लागली असती. कन्सोलवरून एक्समोडेमने आणायचे म्हटले, तर सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ६० एमबीला साधारण १८ तास लागतात.

४००० मालिकेपासून पुढच्या राउटरांवर आयओएस एक्सई असते. तिथे खाली लिनक्स असून आयओएस ही त्यावर चालणारी एक प्रक्रिया असते. आवृत्त्या १६ आणि १७ च्या घरातल्या आहेत. १७.४ ते १७.६ या आवृत्त्यांना सिस्कोने बेंगळुरूचे नाव दिले होते. १७.३, १७.६, १७.९, १७.१२ अशा दर तिसऱ्या आवृत्तीला जास्त काळ दुरुस्त्या मिळतात, म्हणून यांपैकी जिच्या दुरुस्त्या अजून चालू आहेत अशीच एक निवडावी. शेवटचे लहान अक्षर इथे किती मोलाचे असते ते ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. आयओएस एक्सईच्या वेब पानातून बाहेरच्या माणसाला पूर्ण अधिकाराचे खाते तयार करता येत होते. दुरुस्ती १७.९ मध्ये १७.९.४ए ने आली, १७.६ मध्ये १७.६.६ए ने आणि १७.३ मध्ये १७.३.८ए ने. ज्याच्याकडे १७.९.४ होती त्याला आपण अद्ययावत आहोत असे वाटत होते, आणि तो उघडा होता. शिवाय १७.६ वापरणाऱ्याला या दुरुस्तीसाठी १७.९ वर जाण्याची गरज नव्हती. आपल्याच ट्रेनमधली पुढची प्रत पुरेशी होती. वेब पान लागत नसेल, तर ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ या दोन ओळी कोणत्याही आवृत्तीवर टाकून ठेवाव्यात.

केबल आणि इंटरनेट देणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांकडे मायक्रोटिकचे राउटर असतात, तिथे आकडे वेगळे असले तरी प्रश्न तेच दोन. राउटरओएसमध्ये लाँग-टर्म आणि स्टेबल अशा वाहिन्या असतात, आणि फीचर सेटच्या जागी लायसन्सची पातळी असते: पातळी ४ वर पीपीपीओईची (ग्राहकाला नाव-पासवर्डने जोडण्याच्या पद्धतीची) २०० कनेक्शने, ५ वर ५००, आणि ६ वर मर्यादा नाही. दोनशे एकावा ग्राहक जोडला जात नाही तेव्हा आवृत्ती बदलून काही होणार नाही, पातळी पाहावी. आवृत्ती बदलल्यावर मात्र राउटरबूट हे फर्मवेअर ‘सिस्टिम राउटरबोर्ड अपग्रेड’ने वेगळे बदलून आणखी एकदा रिबूट करावे लागते, आणि हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.