डिस्कस काळवंडतो तेव्हा आधी काय पाहावे

डिस्कस, म्हणजे घरच्या टाकीत पाळला जाणारा थाळीसारखा चपटा, रंगीत मासा, काळवंडलेला दिसला की बहुतेक जण लगेच औषधाची बाटली शोधू लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्या दिवशी टाकीत कोणतेही औषध घालू नये. त्याऐवजी काचेसमोर खुर्ची ओढून पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे, कारण काळेपणा अंगावर कुठे, कसा आणि किती वेळ टिकतो आहे यावरच पुढचा उपाय ठरतो.

डिस्कसच्या अंगावर, डोळ्यातून जाणाऱ्या पट्ट्यापासून शेपटीच्या बुडाशी असलेल्या पट्ट्यापर्यंत, साधारणपणे नऊ उभे पट्टे असतात. मासा निवांत असला की ते फिके पडतात. त्वचेतील रंगपेशींत काळ्या रंगद्रव्याचे बारीक कण असतात. ते पेशीच्या मध्याशी गोळा झाले की अंग उजळ दिसते आणि पेशीभर पसरले की काळे. ही हालचाल मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या ताब्यात असल्यामुळे पट्टे पाहता पाहता उमटतात आणि तसेच विरतात. सकाळी दिवा लावल्याबरोबर किंवा टाकीत हात घातल्यावर दिसणारे पट्टे म्हणूनच आजाराचे लक्षण मानू नयेत. दिवा लागून अर्धा तास झाल्यावर, खाणे घालताना, पुन्हा पाहावे. ॲमेझॉनची उपनदी असलेल्या रिओ नेग्रोच्या खोऱ्यातील हेकेल डिस्कस या प्रकारात तर पहिला, पाचवा आणि नववा पट्टा एरवीही ठळक असतो.

मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके ही मात्र वेगळी गोष्ट आहे. थायलंडमध्ये निपजलेल्या पिजन ब्लड जातीत आणि तिच्यापासून तयार झालेल्या लाल-केशरी वाणांत उभे पट्टे नसतात, परंतु काळ्या रंगपेशी अंगभर विखुरलेल्या असतात. असा मासा काळ्या पार्श्वभूमीसमोर किंवा गडद वाळूवर ठेवला, तर काही आठवड्यांत गाल, पर आणि शेपटी काजळी लागल्यासारखी दिसू लागते. तो खातो-पितो, पोहतो, भांडतो, म्हणजेच ठणठणीत असतो. येथे औषधाचा काहीही उपयोग नाही. टाकीची मागची बाजू फिकट निळी किंवा पांढरी करावी, वाळू फिकट रंगाची वापरावी आणि महिनाभर धीर धरावा. ठिपके पुष्कळ कमी होतात, मात्र आनुवंशिक ठिपके पूर्णपणे जात नाहीत, हे विकत घेतानाच ध्यानात ठेवावे.

खरी काळजी करायची ती सगळे अंग मळकट काळे पडून दिवसभर तसेच राहिले तर. टाकीतले सगळेच मासे एकदम काळवंडले असतील तर दोष पाण्यात आहे असे धरून चालावे, आणि एकच मासा काळा असेल तर त्याला इतरांचा जाच आहे का किंवा तो आजारी आहे का, हे पाहावे.

पाण्याची तपासणी करताना माशांच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्य असली पाहिजेत, आणि तापमान 28 ते 30 अंश सेल्सिअस असावे. पाणी जितके गरम आणि त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) जितका चढा, तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. डिस्कसची टाकी मुळातच गरम असल्याने येथे थोडी चूकही महागात पडते. एकदा मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. स्पंज पांढराशुभ्र झाला, पण अमोनिया पचवणारे जिवाणू नळाच्या क्लोरीनने मेले, आणि तिसऱ्या दिवशी सहाही मासे कोपऱ्यात पर मिटून, पाटीसारखे काळे होऊन उभे होते. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. अशा वेळी एक तृतीयांश ते अर्धे पाणी बदलावे; नवे पाणी क्लोरीनमुक्त करून जुन्याच्या तापमानाला आणावे आणि खाणे एक-दोन दिवस बंद ठेवावे. हे पाणीबदल अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज करावेत. अमोनियाने भाजलेली त्वचा बरी होताना काही माशांच्या अंगावर काळे डाग उमटतात. पाणी सुधारल्यावर आलेले आणि हळूहळू फिकट होणारे हे डाग भरून येणाऱ्या जखमेचे असतात, त्यांना हात लावू नये.

एकट्या काळ्या माशाबाबत विष्ठेकडे लक्ष द्यावे. ती पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल आणि मासा खाणे तोंडात घेऊन थुंकत असेल, तर आतड्यातील परजीवींचा संशय घ्यावा. एकच कल्ला हलत असेल किंवा मासा अंग घासत असेल, तर कल्ल्यांतील कृमींचा. त्याला वेगळ्या टाकीत ठेवून, माशांच्या जाणकाराला दाखवून मगच औषध ठरवावे. लक्षण काहीच नसेल आणि मोठा मासा त्याला सतत हुसकावत असेल, तर कळपच वाढवावा. दोन-तीन डिस्कसांत दुबळ्याचे हाल होतात. सहा किंवा अधिक असले की मार वाटला जातो.

नवा मासा आणल्यावर काही दिवसांतच जुने-नवे सगळे काळे पडून अंगावर दुधाळ चिकटा साचू लागला आणि पर झिजू लागले, तर तो झपाट्याने पसरणारा संसर्ग समजावा. जाळी, बादली, नळी दुसऱ्या टाकीला अजिबात लावू नये. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवला असता, तर बहुधा हे संकट घरातच आले नसते.

एका काळेपणाला मात्र मुळीच छेडू नये. अंडी घातलेली जोडी पिल्ले पोहू लागण्याच्या सुमारास गडद होते, आणि इवलीशी पिल्ले त्या गडद अंगाला चिकटून आईबापांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. त्या दिवसांत पाणी स्वच्छ ठेवावे आणि पिल्लांना आईबाप दिसत राहावेत म्हणून रात्रभर मंद दिवा लावून ठेवावा.