कुत्र्याला व्हीगन आहारावर कसं आणावं

आम्ही व्हीगन झालो, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडलं, आणि घरातून दूध, दही, तूप गेलं तेव्हा चिमी सात वर्षांची होती. देशी कुत्री, वजन अठरा किलो. तिच्या वाटीतलं अंडं आणि दूध बंद केलं की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. कितीतरी शाकाहारी घरांत कुत्री पोळी-भातावरच वाढतात. डॉक्टरांनी सगळा बेत शांतपणे ऐकला आणि विचारलं, "काढणार काय ते कळलं. त्याच्या जागी घालणार काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं सगळं त्या प्रश्नापायी शिकलेलं आहे.

आधी एक खुलासा. कुत्र्याला हा आहार मुळात चालू शकतो, कारण माणसाबरोबर राहून त्याचं पोट लांडग्यापेक्षा बदललं आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या त्याच्याकडे कितीतरी जास्त प्रती असतात. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. हृदयाला लागणारं टॉरिनही तो इतर अमिनो आम्लांपासून शरीरात तयार करतो. मांजराला हे पुरेसं जमत नाही. म्हणून घरात मांजर असेल तर तिच्यावर हा प्रयोग करू नका.

आपल्या कुत्र्याला हे झेपेल का

वाढीचं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री यांना या वाटेला नेऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, पूर्वी मुतखडा झाला असेल, तर डॉक्टर म्हणतील ते अंतिम. गोल्डन रिट्रीव्हर आणि कॉकर स्पॅनियल या जातींत टॉरिन कमी पडून हृदयाचा स्नायू सैल पडल्याची उदाहरणं आहेत, तिथे हृदयाची सोनोग्राफी आधीच करून घ्या. बाकीच्यांसाठी सुरुवातीला रक्त, लघवी आणि वजन एवढं पुरतं. हे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी तुलना त्यांच्याशीच करायची आहे. जवळ आहारातले जाणकार डॉक्टर नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा. मुंबईत परळला, नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला अशी महाविद्यालयं आहेत.

वाटीत काय घालायचं

इथे सर्वात जास्त वेळ द्या. सोपा मार्ग म्हणजे तयार व्हीगन डॉग फूड. पाकिटाच्या पुढच्या बाजूची चित्रं सोडा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. त्यात 'प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण आणि संतुलित आहार' या अर्थाचं वाक्य हवं, सोबत एएएफसीओ (अमेरिकेतली) किंवा फेडियाफ (युरोपातली) या पाळीव प्राण्यांच्या अन्नाच्या मानकांचा उल्लेख हवा. 'पूरक आहार' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं पाकीट रोजच्या जेवणाला चालत नाही. घटकांच्या यादीत मेथिओनिन (हे एक आवश्यक अमिनो आम्ल), टॉरिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व वेगळं घातलेलं आहे का, तेही बघा.

घरी शिजवायचं असेल तर आधी हा हिशेब करा. प्रौढ कुत्र्याच्या अन्नात, पाणी वगळून, किमान 18 टक्के प्रथिनं लागतात. कच्च्या तांदळात ती सातेक टक्के असतात, मूगडाळीत चोवीसच्या आसपास. म्हणजे अर्धा तांदूळ, अर्धी डाळ असा भरपूर डाळीचा मऊ भात केला तरी आपण पंधरा-सोळावरच अडकतो, आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते वेगळंच. सोयाबीनच्या वड्या घातल्या की प्रथिनांचा आकडा वर जातो. कॅल्शियमचं मात्र तेवढ्याने भागत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या अन्नामागे निदान 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि आपल्याकडे ज्या नाचणीचं एवढं कौतुक, तिच्यातही ते साडेतीनशेच्या आसपास भरतं. बी-12 तर कुठल्याच धान्यात, डाळीत नाही. म्हणून घरच्या जेवणाची कृती आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या, त्यांनी दिलेली पावडर रोज मोजून घाला आणि मनाने बदल करू नका.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडं थांबून सांगते. कुत्र्याला उन्हातून ते पुरेसं मिळत नाही, अन्नातूनच द्यावं लागतं. बहुतेक गोळ्यांतलं डी-3 मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं. व्हीगन डी-3 शैवाकापासून काढतात, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं आहे त्या कुळापासून. (दगडफूल खायला घालून ते मिळत नाही!) पण घरात माणसांसाठी आणलेली 60,000 युनिटची पुडी कुत्र्याला कधीही देऊ नका. पंधरा किलोच्या कुत्र्याला तेवढ्याने विषबाधा होऊ शकते. माणसांच्या चघळायच्या गोळ्या आणि शुगर-फ्री पीनट बटर यांत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी वापरतात ते) असू शकतं, तेही घातक.

ताटातली आमटी-भाजी देऊ नका, तिच्यात कांदा-लसूण असतो. मनुका आणि द्राक्षंही नकोत.

हळूहळू बदल

तीन ते चार आठवडे धरा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दिवसाचं अन्न मोजा. समजा तीनशे ग्रॅम आहे, तर पहिले चार-पाच दिवस त्यात तीस ग्रॅम नवं आणि बाकी जुनं. मग पाव हिस्सा, अर्धा, पाऊण, असं दर पाच-सहा दिवसांनी वाढवत जा. शी पातळ झाली तर मागच्या टप्प्यावर या आणि पोट स्थिरावल्यावरच पुढे सरका.

चिमीने दुसऱ्याच दिवशी जुने दाणे जिभेने वेचून खाल्ले आणि नवे वाटीच्या कडेला लावून ठेवले, इतके नीट की मोजता आले असते. त्यावर उपाय सोपा निघाला. दोन्ही एकत्र करून वर कोमट पाणी ओतायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि हाताने कुस्करायचं. शिजवलेला लाल भोपळा चमचाभर घातला की वासाचाही प्रश्न सुटतो. मात्र उपाशी ठेवून सवय लावू नका. कुत्र्याने पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर जुनं अन्न द्या.

नंतरचं लक्ष

दर रविवारी वजन करा. बरगड्यांवरून हात फिरवा: त्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून डोळ्यांत भरता कामा नयेत. शी आकाराने थोडी मोठी होईल, तंतू वाढल्याने तसं होतं.

दीड महिन्याने लघवी तपासून घ्या. वनस्पतिजन्य आहारात लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि त्यातून एका प्रकारचे खडे होऊ शकतात, विशेषतः मादीला लघवीचा संसर्ग झाला तर. रक्त तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. केस निस्तेज होणं, जिना चढताना दम लागणं, खोकला, भोवळ, लघवीला जोर करावा लागणं, यांतलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि नाहीच मानवलं, तर जसे आलात तसेच टप्प्याटप्प्याने परत जा. हे व्रत आपण घेतलं आहे, त्या जिवाने नाही. चिमीला मानवलं. तरी सहा महिन्यांच्या तपासणीचे कागद हातात येईपर्यंत मी फ्रिजमध्ये तिच्यासाठी अंडी आणून ठेवली होती.