कोडीवर सिनेमा गचके खातोय? आधी गचक्याची जात ओळखा

रास्पबेरी पाय या छोट्या, एकाच बोर्डच्या संगणकावर कोडी हे सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर अडखळायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: कार्ड फॉरमॅट करा, लिब्रेइलेक (कोडी चालवण्यासाठीच बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम) नव्याने टाका. हा सल्ला ऐकू नका. नव्याने टाकल्यावर सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर येतात, आणि सर्वांत चिवट गचका त्या मूळ सेटिंग्जमधूनच येतो. मग तासभर खपून माणूस पुन्हा तिथेच.

एक फाइल निवडा, जिच्यात कॅमेरा संथपणे आडवा फिरतो असं दृश्य आहे. प्रत्येक बदलानंतर तेच दृश्य बघा. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. वीज

पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर बाकी सगळं थांबवा. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड ते चिन्ह दाखवतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. पाय ३ (म्हणजे रास्पबेरी पायचं तिसरं मॉडेल) ला ५ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा अॅडॉप्टर लावा. मोबाइलच्या चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं असलं तरी बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. पोर्टेबल हार्ड डिस्कला वेगळी वीज द्या. बोर्ड ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला तरीही वेग उतरतो, तेव्हा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच.

२. डिकोडर

डिकोडर म्हणजे फाइलमध्ये दाबून साठवलेलं चित्र उलगडणारा भाग. सिनेमा चालू असताना कीबोर्डवर ‘ओ’ दाबा. डिकोडरच्या नावापुढे ‘एचडब्ल्यू’ दिसलं तर काम हार्डवेअर करतंय. एचईव्हीसी, एच.२६४ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार. पाय ४ हार्डवेअरवर ४के एचईव्हीसी पेलतो, पण एच.२६४ मात्र १०८०पी पर्यंतच. पाय ५ वर फक्त एचईव्हीसी हार्डवेअरवर चालतं. तिथे १०८०पी एच.२६४ समोर ‘एसडब्ल्यू’ (म्हणजे सॉफ्टवेअर) दिसलं तर घाबरू नका, त्याचा प्रोसेसर ते सहज ओढतो. पाय ३ वर ४के एचईव्हीसीचा नाद सोडा. ४के एव्ही१ फाइल यांपैकी कुठल्याही बोर्डवर लावू नका. ती दुसऱ्या फॉरमॅटमध्ये मिळवा.

३. नेटवर्क

सिनेमा घरच्या नेटवर्कवरून येत असेल तर तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन लावा. सुरळीत चालली तर दोष नेटवर्कचा, आणि उपाय लॅन केबल.

४. रिफ्रेश रेट

वीज ठीक, डिकोडर ठीक, पेन ड्राइव्हवरूनही तोच प्रकार. प्रोसेसर निवांत आहे, एकही फ्रेम गळत नाही, तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं. या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं, कारण लॉगमध्ये (कोडीच्या नोंदींच्या फाइलमध्ये) काहीच चूक दिसत नाही. चूक नसतेच, कोडी सांगितलेलं काम चोख करत असतं.

घोळ गणिताचा आहे. बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमचे असतात आणि टीव्ही ६० हर्ट्झवर चालत असतो, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो. हाच त्याचा रिफ्रेश रेट. ६० ला २४ ने नीट भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा दिसते, पुढची दोनदा, मग पुन्हा तीनदा. संवादाच्या दृश्यात हे जाणवत नाही. संथ कॅमेऱ्यात लगेच जाणवतं. २५ फ्रेमची मालिका ६० हर्ट्झवर लावली की तीच गत.

यावर लोक कॅशे वाढवायला सांगतात, जीपीयू मेमरी वाढवायला सांगतात, ओव्हरक्लॉक करायला (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायला) सांगतात. यातल्या एकाही गोष्टीचा इथे काडीचा उपयोग नाही. ओव्हरक्लॉकने उलट पहिल्या पायरीतला विजेचा त्रास ओढवून घ्याल.

करायचं ते असं. सेटिंग्जच्या पानावर खाली डावीकडे पातळी ‘एक्सपर्ट’ करा, नाहीतर पुढचे सगळे पर्याय दिसणार नाहीत. मग ‘प्लेअर’, ‘व्हिडिओज’ मध्ये जाऊन ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवा. त्याच पानावरचं ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ बंद राहू द्या. ते चालू करा असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतील, पण त्याने आवाजाचा पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच टीव्ही किंवा अॅम्प्लिफायरकडे पाठवणं) बंद पडतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आता ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’. इथलं रिझोल्यूशन टीव्ही ४के असला तरी १०८०पी ठेवा. मेनू ४के मध्ये रंगवत बसण्यात बोर्डाची ताकद फुकट जाते. त्याखाली ‘व्हाइटलिस्ट’ आहे, म्हणजे कोडीला वापरायची मुभा असलेल्या रिझोल्यूशन आणि दरांची यादी. तिच्यात १०८०पी आणि ४के या दोन्हींचे २३.९८, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४ आणि ६० हे दर टीव्हीला चालत असतील तेवढे निवडा. २४ आहे म्हणून २३.९८ गाळू नका. हा फरक किरकोळ वाटतो, पण २३.९७६ चा सिनेमा नेमक्या २४ हर्ट्झवर चालला तर सुमारे ४२ सेकंदांनी एक फ्रेम दुहेरी दाखवावी लागते. अधूनमधून, पण ठराविक अंतराने एकच बारीक हिसका येत असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

दर बदलताना टीव्ही क्षणभर काळा होतो. तो बिघाड नाही. सुरुवातीचे संवाद त्यात बुडत असतील तर त्याच ‘डिस्प्ले’ पानावर दर बदलल्यानंतर थांबायची सेटिंग आहे. ती दोन-तीन सेकंदांवर ठेवा.

यादीत ४के चे ५० आणि ६० हर्ट्झ दिसतच नसतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टची वाढीव क्षमता चालू करा, आणि पाय ४ वर केबल पॉवर सॉकेटच्या शेजारच्या पोर्टात लावा. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा. ती चालू असेल तर या पायरीचा निकाल डोळ्यांना कळतच नाही.

५. बॅकअप

सगळं मनासारखं झालं की लिब्रेइलेकच्या सेटिंग्जमधून बॅकअप घ्या आणि ती फाइल कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवा.