गोदाकाठच्या पुरात जनावरे हलवताना या चुका टाळा

वर गंगापूर धरणाचा विसर्ग, मध्ये दारणेचे पाणी आणि खाली नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा. हे तिन्ही एकत्र आले की निफाड तालुक्यातल्या चांदोरी-सायखेड्याचे गोठे पाण्यात जातात. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच झाले. अशा वेळी गावाकडे माणसे हलवण्याची यादी असते, जनावरांची नसते. मग शाळेत नेऊन बसवलेला माणूस नजर चुकवून दावे सोडायला परत गोठ्याकडे जातो आणि पाण्यात सापडतो. त्याला कितीही दटावले तरी तो जाणारच, कारण घर त्या दोन गाईंवर चालते. म्हणून घर आणि गोठा एकाच यादीत घ्या: कुटुंबप्रमुखाचे नाव, मोबाइल, जनावरे किती, गाभण कोणती, कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक. ही यादी मे महिन्यातच तयार हवी.

पाणी दिसेपर्यंत थांबणे

नाशिकमध्ये गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पुराचा अंदाज घेतात. माणसांपुरते ते ठीक आहे. जनावरांसाठी तेवढी वाट पाहिली तर उशीर होतो. साधा हिशोब करा. एका पिकअपमध्ये मोठी तीन जनावरे बसतात. वस्तीवर 40 गाई असतील तर 14 खेपा होतात. चढवणे-उतरवणे धरून खेपेला पाऊण तास लागला, तर एका गाडीला साडेदहा तास जातात. तीन गाड्या असल्या तरी पावणेचार तास लागतातच. म्हणून विसर्ग वाढवणार असल्याची पहिली सूचना आली की आधी गाभण, दुभती आणि लहान वासरे हलवा. गाड्या कुणाच्या, चालक कोण आणि उतरवायचे कुठे, हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे.

गाडीचा ओला पत्रा घसरडा असतो. त्यावर गोणपाट किंवा वाळू टाकली नाही तर गाय फरा फाकून पडते आणि पुन्हा उठत नाही. चढत नसलेल्या गाईची शेपूट पिरगाळू नका. आधी वासरू चढवा, गाय मागोमाग येते.

दाव्याची गाठ

रात्री पाणी चढले आणि जनावर खुंट्यालाच अडकून बुडाले, यामागे बहुतेक वेळा आवळत जाणारी गाठ असते. ओला दोर फुगतो, जनावर ओढते, गाठ दगडासारखी होते आणि घाईत ती सुटत नाही. पावसाळ्यात टोक ओढताच मोकळी होईल अशी सुटी गाठ मारा आणि गोठ्याच्या दारात धारदार विळा टांगून ठेवा. हलवायला वेळच उरला नाही तर दावे सोडून द्या. गाई-म्हशी पोहतात, पण वेसणीचा कासरा लोंबत राहिला तर झाडाझुडपात अडकतो, म्हणून तो काढा किंवा कापा. पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावरून बैलगाडी घालू नका.

चिखलात रुतलेल्या जनावराला मानेला किंवा पायाला दोर बांधून ओढणे ही फार महागात पडणारी चूक आहे. मान मोडते, सांधा निखळतो. पुढच्या पायांच्या मागून छातीखाली वीतभर रुंद पट्टा घाला आणि पायाभोवतीचा चिखल पाण्याने सैल करून मगच ओढा. बाहेर काढलेले जनावर आडवे पडू देऊ नका, पोट फुगून ते दगावते. दोन्ही बाजूंना भुश्श्याची पोती लावून छातीवर बसवा, खाली जाड अंथरूण घाला आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. एकाच कुशीवर रात्र गेली तर खालच्या पायाचे स्नायू दबून निकामी होतात.

थकलेल्या जनावराला नळ्याने तेल किंवा गुळाचे पाणी पाजायचा मोह आवरा. ठसका लागून ते फुफ्फुसात जाते आणि दोन दिवसांनी गाय न्यूमोनियाने जाते. पाण्याची बादली पुढे ठेवा आणि 1962 या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करा.

छावणीतले खाणे

मदतीच्या गाडीतून उरलेला भात, भाकरी, गूळ येतो. देणाऱ्याचा जीव कळवळलेला असतो, पण उपाशी गाईच्या कोटीपोटात (रवंथाच्या मोठ्या पोटात) हे अन्न झपाट्याने आंबते. रवंथ थांबते, शेण पातळ व आंबूस होते, गाय बसते. मदत करणाऱ्यांना स्पष्ट सांगा की कडबा किंवा कुट्टी पाठवा. मोठ्या जनावराला दिवसाला किमान 6 किलो वाळला किंवा 15 किलो ओला चारा आणि 40 ते 60 लिटर पाणी लागते, दुभत्याला त्याहून जास्त. बुरशीचा वास येणारा भिजका कडबा अजिबात घालू नका.

निफाडकडे आणखी एक धोका आहे: चाळीत भिजून सडलेला कांदा. फुकटचा म्हणून तो टोपल्याने गाईपुढे पडतो. कांद्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काही दिवसांनी लघवी कॉफीच्या रंगाची होते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात. तोवर कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. द्राक्षबागेच्या शेडमध्ये मेंढ्या बांधायच्या असतील तर मोरचुदाची पोती आधी बाहेर काढा. तांब्याची विषबाधा मेंढीला फार लवकर होते.

दूध काढायला घरची माणसे आत न सोडणे ही छावणीतली नेहमीची चूक. गाय ओळखीच्या हाताला पान्हा सोडते. दोन वेळा धार निघाली नाही की कास दगडासारखी होते. सकाळ-संध्याकाळ घरच्या बाईला गाईपाशी जाऊ द्या आणि दूध नेणाऱ्या गाडीला छावणीचा पत्ता कळवा.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पूर आल्यावर टोचून लगेच उपयोग होत नाही, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. ती पावसाळ्यापूर्वीच द्या. घाबरलेले कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

पंचनाम्याआधी पुरणे

वास सुटतो म्हणून जनावर घाईने पुरतात आणि मदत हातची जाते. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत. बिल्ल्याचा कान, पूर्ण जनावर आणि शेजारी मालक असे तीन फोटो काढा. तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी येईपर्यंत कान कापू नका. जनावर वाहून गेले असेल तर मे महिन्यातली तीच यादी तलाठ्यापुढे ठेवा. पुरताना खड्डा विहीर आणि नाल्यापासून लांब घ्या, चुना टाका आणि वर किमान तीन फूट माती येऊ द्या, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.