परदेशी सर्जनना कर्करोग शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देणारे स्वयंसेवी पथक: आखणीपासून पाठपुराव्यापर्यंत

कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना कधी ना कधी शस्त्रक्रियेची गरज पडते, पण सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवर शस्त्रक्रिया त्यांच्यातील 25 टक्क्यांनाही मिळत नाही, असा हिशेब लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 साली मांडला होता. एवढी तूट कोणतेही पाहुणे पथक स्वतः शस्त्रक्रिया करून भरून काढू शकणार नाही. म्हणून पथक परतल्यानंतर तेथील सर्जन कोणत्या शस्त्रक्रिया स्वतःच्या बळावर करू लागले, हाच यशाचा निकष धरून सगळी आखणी करावी.

निमंत्रण स्थानिक रुग्णालयाकडूनच यावे आणि पहिली भेट केवळ पाहणीसाठी ठेवावी. बायोप्सीचा अहवाल किती दिवसांत मिळतो, रक्त वेळेवर उपलब्ध होते का, भूलतज्ज्ञ किती आहेत, शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर रात्रभर लक्ष कोण ठेवते आणि रेडिओथेरपीचे सर्वांत जवळचे केंद्र कोठे आहे, हे समजल्याशिवाय अभ्यासक्रम ठरवू नये. त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडून तात्पुरता परवाना मिळण्यास वेळ लागतो, त्यामुळे अर्ज लवकर करावा.

त्यानंतर मोजक्याच शस्त्रक्रिया निवडाव्यात. स्तनाच्या कर्करोगासाठी बगलेतील लसिकाग्रंथींसह स्तन काढणे किंवा गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगासाठी रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (आजूबाजूच्या ऊतींसह गर्भाशय काढणे), यांपैकी तेथे ज्याचे रुग्ण अधिक असतील ते आधी घ्यावे. रुग्णाची निवड हा प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पाहुणे तज्ज्ञ येणार म्हटल्यावर मोठ्या, पसरलेल्या गाठींचे रुग्ण पुढे आणले जातात आणि त्यांना नाही म्हणणे जड जाते. परंतु गर्भाशयमुखाचा स्थानिक पातळीवर पुढे गेलेला कर्करोग मुख्यतः रेडिओथेरपी आणि केमोथेरपीने बरा करण्याचा असतो, आणि अशा रुग्णावर केवळ कौशल्य दाखवण्यासाठी शस्त्रक्रिया केल्यास स्थानिक डॉक्टर चुकीचाच धडा घेतात. कोणावर शस्त्रक्रिया करायची नाही, हे भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट (ऊतींचे नमुने तपासणारे तज्ज्ञ) आणि परिचारिका यांच्या उपस्थितीत, कारणांसह चर्चा करून ठरवावे.

शस्त्रक्रियागृहात पाहुण्या सर्जनने शक्य तितक्या लवकर मदतनिसाच्या जागी उभे राहावे. आधी करून दाखवणे, मग हात धरून करवून घेणे, मग केवळ गरजेपुरती मदत करणे आणि शेवटी नुसती देखरेख ठेवणे, अशा पायऱ्यांनी त्याच दोन-तीन सर्जनना पुढे न्यावे. दररोज नव्या डॉक्टरला संधी दिल्यास सर्वांनी पाहिलेले असते, पण कोणालाच येत नाही. साधने तेथे नेहमी मिळणारीच वापरावीत. ऊती जोडणारे महागडे स्टेपलर सोबत नेऊन शिकवलेली पद्धत ते संपताच बंद पडते, त्यापेक्षा हाताने टाके घालणे पक्के करून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी प्रत्येक वेळी स्थानिक परिचारिकेनेच मोठ्याने वाचावी. रुग्णाची संमती त्याच्या भाषेत घ्यावी आणि चाकू कोणाच्या हाती असेल, हे त्याला स्पष्ट सांगावे. मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मोठी शस्त्रक्रिया ठेवू नये, कारण रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाल्यास निस्तरण्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो.

गाठ बाहेर काढली म्हणजे काम संपले, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात काढलेल्या ऊतीचा नमुना पुरेशा फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात), शक्यतो त्याच्या दहापट प्रमाणात, आणि तासाभराच्या आत ठेवला गेला पाहिजे. मोठा नमुना असल्यास त्याला छेद द्यावे लागतात, अन्यथा फॉर्मालिन आतपर्यंत पोहोचत नाही. स्तनाच्या गाठीची हार्मोन रिसेप्टर तपासणी (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का, हे पाहणारी) विश्वासार्ह ठरण्यासाठी नमुना 6 ते 72 तास फॉर्मालिनमध्ये असावा लागतो. टॅमॉक्सिफेनसारख्या, हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या तुलनेने स्वस्त गोळीचा त्या रुग्णाला उपयोग होईल की नाही, हे याच तपासणीवर अवलंबून असते. नमुन्याच्या कडांना धाग्याने खुणा करणे, विनंतीपत्र पूर्ण भरणे आणि अहवालात तपासलेल्या ग्रंथींची संख्या व कडांची स्थिती (कडेपर्यंत कर्करोग आहे की नाही) नोंदवलेली आहे का, हे पाहणे, या गोष्टी शस्त्रक्रियेइतक्याच आग्रहाने शिकवाव्यात. त्यासाठी पथकात एक पॅथॉलॉजिस्ट असावाच.

दोन भेटींच्या मधल्या काळात दरमहा दूरदृश्य प्रणालीवरून ट्यूमर बोर्ड, म्हणजे रुग्णांच्या उपचारांवर वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र चर्चा, घ्यावा. न्यू मेक्सिकोमध्ये 2003 साली हिपॅटायटिस सी साठी सुरू झालेल्या प्रोजेक्ट एको या, दूरच्या डॉक्टरांना तज्ज्ञांशी रुग्णचर्चेतून शिकवण्याच्या पद्धतीचा आधार इंटरनॅशनल गायनेकॉलॉजिक कॅन्सर सोसायटी या स्त्रियांच्या जननमार्गाच्या कर्करोगावरील तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या दोन वर्षांच्या प्रशिक्षण कार्यक्रमासाठी घेतला आहे. या बैठकीत रुग्णाची माहिती स्थानिक सर्जनने मांडावी, पाहुण्यांनी आधी ऐकून घ्यावे. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतरच्या 30 दिवसांतील गुंतागुंती क्लाव्हियन-डिंडो या, गुंतागुंतीची तीव्रता ठरवणाऱ्या श्रेणीनुसार रुग्णालयाच्याच नोंदवहीत लिहाव्यात. ही नोंदवही रुग्णालयाच्या मालकीची राहावी, आणि तिच्या आधारे शोधनिबंध लिहिला गेल्यास पहिले नाव तेथील सर्जनचे असेल, हे पहिल्या भेटीतच लेखी ठरवून घ्यावे.