साइट बंद पडली तरी कडीपत्त्यावरची अळी टिकली पाहिजे

आपण जिथे रोजचं काहीबाही टाकत असतो, गॅलरीतली फुलं, गच्चीवरचा पाऊस, सकाळी फिरताना दिसलेले पक्षी, ती जागा कधीतरी हलणार हे आता धरूनच चालायचं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, टाइपपॅड या ब्लॉगच्या साइटने तर २०२५ च्या ऑगस्टअखेरीस जाहीर केलं आणि ३० सप्टेंबरला दुकान बंद, म्हणजे जेमतेम महिन्याची मुदत. दर वेळी गोंधळ तोच, काही जण रुसून लिहिणंच सोडतात, काही फेसबुकवर जातात, उरलेले व्हॉट्सॲप ग्रुप काढतात आणि आठवड्याभरात तिथे गुड मॉर्निंग सुरू. म्हणून नवीन जागा कुठली बरी हे नंतर बघू, आधी लिहायची आणि साठवायची सवय अशी लावा की जागा गेली तरी फार बिघडू नये.

लिहिण्यासाठी ताडोबा गाठायची गरज नाही, कुंडीतला कडीपत्ता पुरतो. पावसाळ्यात त्याची पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारा हातात घेऊ नका, आधी पानं नीट बघा. बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉन नाहीतर लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची अळी असते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, तपकिरी-पांढरी आणि ओली चकचकीत, म्हणजे पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून काय सोंग घेतलंय बघा, मग कात टाकत टाकत शेवटी एकदम हिरवीगार होते. धक्का लागला तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. (मुद्दाम डिवचून व्हिडिओ काढू नका, प्लीज.)

आता हे लिहायचं कसं. "निसर्गाची किमया, मन प्रसन्न झालं" असं टाकलं तर लाइक येतील पण पुढच्या जुलैत तुम्हालाच त्यातून काही कळणार नाही. त्यापेक्षा साधं लिहा, उदाहरणार्थ:

"१२ जुलै, सकाळी साडेसात, पाऊस थांबून ऊन पडलंय. ठाणे, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. कडीपत्त्यावर तीन अळ्या, दोन शीटेसारख्या, एक हिरवी, बोटाच्या पेराएवढी. कोवळे शेंडे साफ, जून पानांना तोंड लावलेलं नाही. कठड्यावर बुलबुल. सासूबाई विचारतायत आता फोडणीत काय घालू."

तारीख, वेळ, जागा, किती, काय करत होती, संपलं. आणि ते शेवटचं फोडणीचं वाक्य काढू नका हं, लोक त्यासाठीच येतात वाचायला. फोटो एक पूर्ण झाडाचा, एक पानाचा, एक अळीचा बाजूने, म्हणजे ओळखणाऱ्याला बरं पडतं. पावशासारखा पक्षी ओरडतो दिवसभर पण दिसत नाही, तिथे फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण ते सुचवणंच समजा, स्वतः बघितल्याशिवाय किंवा जाणकाराला विचारल्याशिवाय छातीठोकपणे लिहू नका.

साठवणीचं काम कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ तिथेच आहे. आधी आपल्याकडे लिहायचं, मग ऑनलाइन चिकटवायचं, उलटं नाही. साधी टेक्स्ट फाइल चालते, नाव तारखेपासून सुरू करा, २०२५-०७-१२-कडीपत्ता-अळी असं, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं, फोटोंनाही तेच नाव. वर्षाचं एक फोल्डर, एक कॉपी कॉम्प्युटरवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. "क्लाउडवर आहे की" म्हणून निवांत बसू नका, गुगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट स्टोरेज १ जून २०२१ ला संपलं, फ्लिकरने फुकट अकाउंटला हजार फोटोंची मर्यादा २०१९ मध्ये लावली. व्हॉट्सॲप ग्रुप तर साठवणीसाठी अजिबात नको, फोटोचा दर्जा घसरतो आणि दोन महिन्यांनी शोधायला गेलात तर केळवणाच्या फोटोंखाली गाडलेला असतो.

मग टाकायचं कुठे? माझं मत विचाराल तर दोन जागी. गप्पा जिथे तुमची माणसं आहेत तिथे, आणि नोंद जिथे ती कुणाच्या कामी येईल तिथे. फुलपाखरं, किडे, झाडं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट, तिथे तारीख-जागा-फोटो दिला की इतर लोक ओळख पटवतात. कुंडीतला कडीपत्ता लावलेला, म्हणून त्याची नोंद 'लागवडीचा' अशी करायची, पण त्यावरची अळी आपणहून आलेली, ती जंगलीच. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, आणि तिथे फक्त भारी पक्षी टाकू नका, कावळा, पारवा, साळुंकी, जे जे ओळखलं ते सगळं टाका. सीझनवॉचवर तर एकच झाड धरून दर आठवड्याला पालवी-फुलं-फळं नोंदवायची, सोसायटीतला बहावा किंवा आंबा चालतो. हे प्रकार आळशी माणसाला उत्तम, झाड कुठे पळून जात नाही.

जागा किती उघड करायची याचा मात्र विचार करा. फोनच्या फोटोत जीपीएस दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. घुबडाची ढोली, कोकणातलं खवले मांजर, कुठलंही चालू घरटं, यांचा पत्ता जाहीर टाकायचाच नाही, घुबडं आणि खवले मांजरं यांची चोरटी विक्री होते आणि घरट्याभोवती गर्दी झाली की पक्षी घरटं सोडूनही जातात. आयनॅचरलिस्टवर जागा अंधुक करायची सोय आहे, ती घराच्या नोंदींनाही वापरा. मुलांचे युनिफॉर्ममधले फोटो आणि आपला रोजचा फिरायचा रस्ता वेळेसकट, हेही नको.

आणि समजा तुमची साइट बंद व्हायची घोषणा आलीच. भांडणात पडू नका, कोणाचं चुकलं ते नंतर बघू, पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट मारा, म्हणजे आपलं सगळं लिखाण फाइल म्हणून उतरवून घ्या. फाइल डाउनलोड झाली म्हणजे सुटलो असं नाही, वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये मजकूर आणि फोटोंच्या लिंका असतात, फोटो नसतात, म्हणजे जुनी साइट गेली की सगळीकडे रिकामे चौकोन. फोटो वेगळे उतरवा आणि फाइल दुसरीकडे टाकून खरंच उघडते का बघा. गुगलवरचं आपलं सगळं उतरवून घ्यायला त्यांचीच टेकआउट नावाची सोय आहे, पण खूप फोटो असतील तर वेळ लागतो, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. प्रतिक्रिया विसरू नका, "ही लाइमची नाही, मॉरमॉनची आहे" हे कुणीतरी तिथेच सांगितलेलं असतं, ती पानं पीडीएफ करून ठेवा. ज्यांचं लिखाण आवडतं त्यांचे ईमेल मागून घ्या, सगळे एकाच नव्या जागी जाणार नाहीत आणि त्यांना ओढून नेण्यात अर्थही नाही, फीड रीडरमध्ये (वेगवेगळ्या साइटवरचं नवं लिखाण एकाच जागी दाखवणारं ॲप) सगळ्यांचे नवे पत्ते टाकले की काम भागतं. स्वतःच्या जुन्या पानावर शेवटची पोस्ट म्हणून नवा पत्ता लिहा आणि मग, आधी नाही, वेबवरच्या पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान सेव्ह करा, म्हणजे साइट गेल्यावरही कुणी जुनी लिंक तिथे टाकून शोधली तर तुमचा नवा पत्ता सापडेल.