रात्र सरत नाही तेव्हा ‘तीर्थ विठ्ठल’

आई आयसीयूत होती, त्या आठवड्यात मला हे जमलं. पहाटे पाचला, चहाच्याही आधी, भीमसेन जोशींचं ‘तीर्थ विठ्ठल’ लावा. शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची, राग अहिर भैरव, म्हणजे सकाळचाच. आवाज बेताचा. इयरफोन एकाच कानात. दुसरा कान नर्सच्या हाकेसाठी मोकळा हवा. अर्थ लावत बसू नका. ‘विठ्ठल’ किती वेळा येतो, तेवढं बोटांवर मोजा. माझा आकडा रोज चुकायचा, आणि तोच तर फायदा! कोमल रिषभावर, म्हणजे ‘सा’च्या लगेच वरच्या स्वरावर, सूर टेकला की श्वास हळू सोडा. रडू आलं तर येऊ द्या, गाणं थांबवू नका. दुसऱ्यांदा सोबत गुणगुणा, बेसूर चालेल. मी जिन्यात बसून गुणगुणायचो. वॉचमनमामा मांडीवर ठेका धरायचे.